खंडात तगलेल्या सोयाबीनचं बी राखू का?

वाचकाचं पत्र (थोडक्यात)

पत्र लिहिणाऱ्या ताई आणि त्यांचे सासरे मिळून घरची कोरडवाहू शेती बघतात. गेल्या हंगामात पहिला बरा पाऊस झाल्यावर त्यांनी सोयाबीन पेरलं आणि मग पावसाचा खंड पडून जवळजवळ दोन आठवडे आभाळ कोरडं राहिलं. सखल पट्ट्यात आणि बांधाच्या कडेला उगवण बरी झाली, माळाकडच्या अंगाला जवळजवळ नाहीच. उकरून पाहिलं तर 'बरेचसे दाणे मोड येऊन वाळलेले' होते. दुबार पेरणी करावी लागली. 'बियाणंच भुसकट आणलंस' हे घरात ऐकून घ्यावं लागलं, ते वेगळंच.

पहिल्या पेरणीतली जी झाडं तगली, त्यांचं बी त्यांनी वेगळं राखलं आहे. 'या झाडांनी ताण सोसलाय, म्हणजे त्यांचं बी काटक असणार' असं त्यांना वाटतं. त्या विचारतात: हेच बी पेरू का? पेरण्याआधी ते रात्रभर भिजवलं तर दुष्काळ सोसेल का? काहीजण मिठाच्या पाण्यात भिजवायला सांगतात, ते खरं का? की 'ताण सहन करणारं' म्हणून जे वाण मिळतं ते घ्यावं? सासऱ्यांचं मत निराळंच. पाऊस यायच्या आधी धूळपेरणी करून मोकळं व्हावं, असं ते म्हणतात. 'बियाणं काटक करायचा खात्रीचा मार्ग सांगा,' अशी ताईंची विनंती आहे.

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी त्या ऐकून घेतलेल्या बोलण्याचा निकाल लावू, कारण तुमची सुटका तुमच्याच पत्रात आहे. एकाच पिशवीतलं बी सखल पट्ट्यात उगवलं आणि माळावर नाही. बियाणं भुसकट असतं तर दोन्हीकडे सारखंच रुसलं असतं. शिवाय वाळलेल्या दाण्यांना मोड आलेले होते, म्हणजे दाणे जिवंत होते. ते उगवायला निघाले आणि वाटेत ओल संपली.

तुम्ही उकरून पाहिलंत हे फार चांगलं केलंत. बहुतेक लोक रिकामी ओळ बघून थेट दुकानदाराच्या नाहीतर नशिबाच्या नावाने बोटं मोडतात. उगवण फसली की ओळीत हातभर लांबी हलक्या हाताने उकरावी आणि एकेक दाणा बघावा. दाणा टाकला तसाच कोरडा आणि टणक असेल तर ओल त्याच्यापर्यंत पोचलेलीच नाही, अजून आशा आहे. फुगून मऊ पडला असेल, बुरशीने वेढला असेल, घाण वास येत असेल, तर एक तर तो आधीच निर्जीव होता किंवा साचलेल्या पाण्यात हवेविना गुदमरला. मोड येऊन वाळलेला दाणा म्हणजे तुमची गोष्ट: ओल सुरुवात करून देण्यापुरती होती, निभावून न्यायला नव्हती. कोंब वर येऊन मातीच्या पापुद्र्याखाली वेडावाकडा वळला असेल किंवा त्याची मान मोडली असेल, तर दोष पेरणीनंतर आलेल्या जोरदार सरीचा आणि तिने धरलेल्या खपलीचा. आणि ओळीत नुसती टरफलंच सापडली तर मुंग्या, उंदीर, पाखरं यांच्याकडे बघा. या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे, आणि यांतल्या बहुतेकांत बियाणं 'काटक' असण्या-नसण्याचा काही संबंध नसतो.

आता तुमच्या मुख्य विनंतीकडे येऊ. तुम्ही गृहीत धरलंय की बी मुळात नाजूक आहे आणि आपण काहीतरी करून त्याला कणखर बनवायचं आहे. मला वाटतं, इथेच गाडी वाकड्या वाटेला लागते. वनस्पतीच्या सगळ्या आयुष्यात कोरडं बी हीच तिची सर्वांत चिवट अवस्था असते. मृत समुद्राजवळच्या मसादा किल्ल्याच्या अवशेषांत सापडलेली खजुराची सुमारे २००० वर्षांपूर्वीची बी २००५ साली रुजली आणि तिचं झाड झालं. अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ साली तणांचं बी बाटल्यांत भरून जमिनीत पुरून ठेवलं होतं. त्यातली एक बाटली २०२१ साली काढली, आणि त्यातल्या एका रानटी वनस्पतीचं बी १४२ वर्षांनी उगवलं. अर्थात सोयाबीनकडून अशी अपेक्षा करू नका. तेलकट, पातळ सालीचं ते बी साठवणीत लवकर म्हातारं होतं. पण कोरडं असेपर्यंत तेही उन्हाचे ताण निमूट सोसतं. त्याचा हा चिवटपणा जातो तो पाणी मिळाल्यावर.

हे कसं होतं ते थोडं सविस्तर सांगते, कारण तुमच्या चारही प्रश्नांचं उत्तर यातच आहे. ओल लागली की बी पहिले काही तास भराभर पाणी ओढतं. त्यात जिवंतपणाचा काही पुरावा नाही, मेलेलं बीसुद्धा तसंच फुगतं. मग पाणी घेणं जवळजवळ थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला काहीच घडताना दिसत नाही, पण आत दुरुस्तीची धांदल चालू असते. साठवणीत मोडलेला डीएनए जोडला जातो, पेशींतली ऊर्जेची यंत्रणा सुरू होते, साठवलेलं अन्न मोकळं व्हायला लागतं. तिसऱ्या टप्प्यात मूळ साल फोडून बाहेर येतं आणि पाणी पुन्हा वेगाने ओढलं जातं. पहिल्या दोन टप्प्यांत ओल तुटली तर बी वाळून परत थांबू शकतं आणि पुढच्या पावसाला पुन्हा निघू शकतं. मूळ बाहेर पडून वाढायला लागलं की ही सोय संपते. सोयाबीनवरच्या १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत ६ तास पाणी प्यालेल्या दाण्याचा गर्भ वाळवला तरी जगला, ३६ तास प्यालेल्याचा मेला.

म्हणजे तुमच्या माळावर जे घडलं ते एका दिवसाच्या आतबाहेरचं होतं. वरची दोन-तीन बोटं ओली, खाली कोरडं. त्या ओलीने दाण्यांना निघायला लावलं, आणि मुळं खालच्या ओलीला भिडायच्या आधी वरची उडून गेली. पाऊस अजिबात झाला नसता तर ते दाणे कदाचित वाचले असते. भरपूर झाला असता तर उगवले असते. मधली अर्धवट ओल सर्वांत घातकी.

आणखी एक बाजू बघा. रानातल्या वनस्पती या सापळ्यात सहसा सापडत नाहीत. वाळवंटी प्रदेशातल्या एका वर्षात आयुष्य संपवणाऱ्या रोपांचं बी एका पावसात सगळंच्या सगळं उगवत नाही. काही आत्ता, काही पुढच्या सरीला, काही पुढच्या वर्षी. पाऊसमान जितकं बेभरवशाचं तितकं जास्त बी मातीत राखून ठेवणं फायद्याचं, हे डॅन कोहेन यांनी १९६६ साली गणिताने मांडून दाखवलं. आपली पिकंही मूळची अशीच सावध होती. पण माणसाने हजारो वर्षं एकदम उगवणारं, एकदम पिकणारं तेवढंच निवडलं, आणि झोपाळू दाणे मागे पडत गेले. आपल्याला हवी ती एकसारखी उगवण मिळाली. जंगली बी जी खबरदारी स्वतःच घेत होतं, ती मात्र त्याच्या अंगातून गेली. आता ती पेरणाऱ्यालाच घ्यावी लागते.

हे डोक्यात ठेवून तुमचे प्रश्न घेऊ.

राखून ठेवलेलं बी आधी. तुमची झाडं तगली ती कुठे? तुम्हीच लिहिता: सखल पट्ट्यात आणि बांधाच्या कडेला. तिथे माती खोल, ओल जास्त. त्यांनी ताण सोसला असं म्हणण्यापेक्षा त्यांच्या वाट्याला तो कमी आला, असं म्हणणं खरं होईल. दुसरं असं की, सोयाबीन स्वतःच्याच परागाने फळणारं पीक आहे. एका वाणाच्या शेतातली सगळी झाडं आनुवंशिक दृष्ट्या जवळजवळ सारखी असतात. डेन्मार्कच्या विल्हेल्म योहान्सन यांनी १९०३ साली घेवड्यावर केलेलं काम इथे तंतोतंत लागू पडतं. एकाच शुद्ध वंशातले मोठे दाणे आणि लहान दाणे त्यांनी वेगवेगळे पेरून पाहिले. पुढच्या पिढीत दोघांच्या दाण्यांची सरासरी सारखीच आली. आकारातला फरक जागेने, मातीने केलेला होता, तो पुढे उतरला नाही. उन्हात राबणाऱ्या बापाचं पोर रापलेलं जन्माला येत नाही, तसंच हे.

याला एक पुस्ती जोडायला हवी. आईझाडाला मिळालेल्या परिस्थितीचा बियावर काहीच परिणाम होत नाही असं मुळीच नाही. होतो, फक्त तो बहुतेक वेळा आपल्याला नको त्या दिशेने होतो. दाणे भरताना पाण्याचा किंवा उष्णतेचा ताण पडला तर दाणा बारीक, सुरकुतलेला आणि जोम कमी असलेला निघतो. शेंगा वाळल्यावर पाऊस लागला तर आणखी वाईट. म्हणून राखायचंच असेल तर ताण पडलेल्या जागेचं राखू नका. सर्वांत सुखात वाढलेल्या, वेळेवर काढलेल्या, पावसात न सापडलेल्या पट्ट्यातलं राखा. तुमचं सखल पट्ट्यातलं बी कदाचित उत्तमच असेल, पण तुम्ही समजता त्याच्या नेमक्या उलट कारणाने! मका किंवा बाजरी असती, जिथे पराग एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातो, किंवा एखादं मिश्र, जुनं गावरान वाण असतं, तर झाडाझाडांत खरा फरक असता. तिथे निवडीला अर्थ आहे. तिथेही निवडायची ती माळावर तगलेली झाडं, ओलीतली नव्हे, आणि एका हंगामात फळ मिळेल अशी घाई नको.

भिजवण्याचा सल्ला जुना आहे. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस यांनी काकडीचं बी पेरण्याआधी पाण्यात किंवा दुधात भिजवायची रीत सव्वादोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवली आहे. त्यामागचं तत्त्वही खरं आहे: पहिले दोन टप्पे पेरणीआधीच उरकून घ्यायचे, म्हणजे जमिनीत पडल्यावर मूळ लवकर सुटतं आणि ओल उडायच्या आत खाली जातं. गहू, हरभरा, मका, भात यांत याचा चांगला उपयोग होतो. साधारणपणे हरभरा ८ तास, गहू १२ तास, मका आणि भात १२ ते १८ तास भिजवतात. मग सावलीत वरवर सुकवून त्याच दिवशी पेरतात. तास ओलांडले तर मूळ फुटायच्या बेतात येतं आणि सगळाच फायदा उलटतो. आपल्या बियाण्याची मर्यादा किती, हे घरीच पाहता येतं. मूठमूठभर दाणे वेगवेगळे तास भिजवा, पुसून कोरडे करा आणि आणखी पाणी न देता झाकून ठेवा. ज्या मुठीला पुढच्या दिवसांत आपोआप मोड येतात, तेवढे तास जास्त झाले.

पण हे सगळं सोयाबीनला लावू नका. सोयाबीनची साल पातळ असते आणि मुळाचा गर्भ सालीच्या अगदी लगत. कोरड्या दाण्यात पाणी एकदम घुसलं की पेशींची आवरणं फाटतात, आतली साखर बाहेर झिरपते आणि तिच्यावर बुरशी जमते. मळणीत साल तडकलेली असेल, पाणी थंड असेल, तर नुकसान आणखी. रात्रभर भिजवलेलं सोयाबीन फुगलेलं, टपोरं दिसतं, आणि अर्ध्याहून अधिक दाणे त्या रात्रीच कामातून जाऊ शकतात. सोयाबीनला भिजवणीऐवजी बीजप्रक्रिया द्या: आधी बुरशीनाशक, मग गरज असेल तर कीटकनाशक, आणि जिवाणू संवर्धक (मुळांवर गाठी धरणाऱ्या उपयोगी जिवाणूंचं खत) सर्वांत शेवटी, पेरणीच्या थोडं आधी, सावलीत. संवर्धक आधी लावून वर औषध चोळलं तर जिवाणूच मरतात.

मिठाच्या पाण्याच्या सल्ल्यात बहुधा दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. भाताचं बी मिठाच्या पाण्यात टाकतात ते पोचट दाणे तरंगून वर यावेत म्हणून. बुडालेले लगेच काढून साध्या पाण्याने धुऊन घेतात. त्या मिठाने भात खारट जमिनीला सरावत नाही. सोयाबीन मिठात टाकायचं तर काहीच कारण नाही.

वाणाबद्दल. 'ताण सहन करणारं' हे शब्द वाचले की एकच प्रश्न विचारा: कुठला ताण आणि पिकाच्या कुठल्या वयात? चिवटपणा हा पिकाचा सरसकट गुण नसतो. याचं मला आवडणारं उदाहरण भाताचं आहे. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या भातात पुरात तगवणारं जनुक सापडलं. ते स्वर्णा या लोकप्रिय वाणात आणून तयार झालेलं स्वर्णा-सब१ हे वाण २००९ साली भारतात शेतकऱ्यांसाठी प्रसारित झालं. त्याचं रोप दोनेक आठवडे पूर्ण बुडालं तरी जगतं, कारण बुडाल्यावर ते वाढ थांबवून शिल्लक ऊर्जा राखतं. पण तेच बी पाण्याखालच्या चिखलात टाकलं तर उगवायला त्या जनुकाची मदत होत नाही. तिथे उलट कोंबाने जोर करून वर यावं लागतं, आणि त्या गुणाचं जनुक वेगळं आहे. त्याचा उलगडा २०१५ साली झाला. रोपपणी वाचवणारी युक्ती आणि उगवताना वाचवणारी युक्ती एकमेकींच्या विरुद्ध निघाल्या.

क्षारांचंही तसंच. शुगर बीट वाढल्यावर खारट जमीन चांगली सोसतं, उगवताना मात्र फार नाजूक असतं. भात याच्या उलट: उगवून येतो, आणि कोवळ्या रोपात व फुलोऱ्यात हात टेकतो. गव्हाची गोष्ट आणखी निराळी. गेल्या शतकात जगभर पसरलेल्या बुटक्या गव्हांत जपानच्या नोरिन १० या वाणाकडून आलेली जनुकं आहेत. त्यांनी पीक लोळण्यापासून वाचवलं, पण जमिनीतून वर येणाऱ्या कोंबाचं वेष्टनही आखूड केलं. त्यामुळे ओल खोल गेलेली असताना दाणा तिच्यापर्यंत खोल पेरला तर तो वरच येत नाही. यावर ऑस्ट्रेलियात बुटकेपणाची दुसरी जनुकं वापरून लांब कोंबाचे गहू तयार करण्याचं काम चालू आहे.

तेव्हा दुष्काळ सोसणारं सोयाबीन म्हणजे बहुधा फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना पडलेला खंड सोसणारं, किंवा खंड पडायच्या आत लवकर पिकून निसटणारं. हे उपयोगाचेच गुण आहेत आणि वाण जरूर घ्या. तुमचं नुकसान झालं ते मात्र पेरणीनंतरच्या पहिल्या आठवड्यात, आणि त्या आठवड्यात हे वाण तुम्हाला बाकीच्यांपेक्षा फारसं जास्त सांभाळून घेणार नाही.

राहता राहिले सासरे. त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. अर्ध्या ओलीपेक्षा कोरडी माती बरी, हे वर सांगितलेलं शास्त्र त्यांना अनुभवाने ठाऊक दिसतं. धूळपेरणी चालते ती एका अटीवर: दाणा इतका खोल हवा की हलक्या सरीची ओल त्याच्यापर्यंत पोचू नये, आणि मोठा पाऊस आल्यावर त्या खोलीतून त्याला वर येता यावं. मक्यासारखं जोरकस कोंबाचं पीक ५ ते ७ सेंटीमीटरवरून वर येतं. सोयाबीनला दोन्ही बीजदलं मानेवर घेऊन माती फोडावी लागते. ते ३ ते ४ सेंटीमीटरवरच ठेवायचं, ५ च्या खाली नाहीच. म्हणजे पहिलीच भुरभुर त्याला गाठणार. त्यातून सोयाबीनला उगवायला स्वतःच्या वजनाच्या सुमारे निम्मं पाणी लागतं, मक्याला सुमारे ३० टक्के पुरतं. तेव्हा धूळपेरणी करायचीच तर ती मक्याच्या तुकड्यात करू द्या, सोयाबीन वाफशावरच, म्हणजे माती खोलवर ओली पण चिकट नसताना. (तापलेल्या कोरड्या मातीत बी फार दिवस पडून राहिलं तर त्याचाही जोम उतरतो, शिवाय उंदीर-मुंग्या आहेतच. म्हणून धूळपेरणी पावसाच्या तोंडावरच.)

वाफसा ओळखायला पावसाच्या आकड्यापेक्षा खुरपं खरं बोलतं. दुसऱ्याच्या पर्जन्यमापकात किती पडलं यावरून तुमच्या माळात किती मुरलं हे कळत नाही. पेरणीआधी सखल पट्ट्यात, मध्ये आणि माळावर अशा तिन्ही ठिकाणी वीतभर खणा. वीतभर खोलीवरची माती मुठीत दाबून गोळा व्हावा, अंगठ्याने ढकलल्यावर तो फुटावा, हाताला चिकटू नये. वर ओल आणि चार बोटांखाली कोरडा थर दिसला की पेरणी थांबवा, शेजारच्या रानात यंत्रं फिरायला लागली तरी! खरं सांगायचं तर हे थांबणंच सर्वांत अवघड असतं. तुमच्या सखल पट्ट्याला वाफसा आला म्हणजे माळाला आला असं नाही, हे तर तुम्ही मागच्या वर्षी दाणे उकरून शिकलात.

यावरून पुढची सूचना: सगळं रान एका दिवशी पेरू नका. आधी सखल पट्टा, माळ पुढच्या चांगल्या पावसावर. यंत्र दोनदा आणायला कटकट होते, मान्य. पण रानफुलांच्या बियात जी खबरदारी असते ती आपल्या बियात नाही, ती अशी टप्प्यांनी पेरून आणावी लागते. सखल भागात मात्र उलटा धोका असतो. तिथे पेरणीनंतर एक-दोन दिवस पाणी साचलं तर दाणे गुदमरतात. म्हणून तिथे गादीवाफ्यावर किंवा सरी-वरंब्यावर पेरा आणि जादा पाण्याला वाट ठेवा. पेरणीनंतर जोरदार सर येऊन ऊन पडलं आणि खपली धरली, तर कोंब वर यायच्या बेतात असताना ती हलक्या औताने फोडा, नाहीतर असेल तर तुषार सिंचनाने ओली ठेवा. एक दिवस उशीर झाला तरी माना मोडतात.

दुबार पेरणीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते, कारण इथे घाईने बरंच नुकसान होतं. मोडायच्या आधी मोजा. शेतात आठ-दहा ठिकाणी ओळीची ठरावीक लांबी घेऊन जिवंत रोपं मोजा. सोयाबीन मोकळी जागा मिळाली की फांद्या काढून ती भरून काढतं. रोपं अपेक्षेच्या निम्मी असली पण सगळीकडे सारखी विखुरलेली असली, तर उत्पन्न निम्म्यावर येत नाही. उशिरा पेरलेल्या दाट पिकापेक्षा वेळेवरचं विरळ पीक पुष्कळदा सरस ठरतं. मोठे सलग पट्टे रिकामे असतील तर तेवढेच पट्टे पुन्हा पेरा. ओळीतल्या एकेक रिकाम्या जागी पुन्हा बी टाकण्यात, म्हणजे नांग्या भरण्यात, सोयाबीनला फारसा अर्थ नाही, मागून आलेलं रोप आधीच्याच्या सावलीत कुढतं.

आता बियाणं तपासणं. पिशवीवरचा उगवणीचा टक्का हा प्रयोगशाळेतल्या सुखवस्तू परिस्थितीतला असतो: योग्य तापमान, पुरेशी ओल, खपली नाही, बुरशी नाही. शेतातला आकडा त्याहून कमी येणार हे धरूनच चाला. किती कमी येईल हे बियाण्याच्या जोमावर ठरतं, आणि जोम त्या टक्क्यात दिसत नाही. म्हणून बियाणं तपासणाऱ्या प्रयोगशाळा सोयाबीनला ४१ अंश सेल्सिअस आणि भरपूर दमट हवेत ७२ तास ठेवून मग उगवण बघतात. ८५ टक्के उगवणारे दोन लॉट (म्हणजे बियाण्याच्या दोन खेपा) अशा छळानंतर एक ७५ वर आणि एक ४० वर येऊ शकतो. माळावर कोणता टिकेल ते उघड आहे.

घरी एवढं नेमकं जमणार नाही, पण दोन गोष्टी जमतील. एक, गोणपाटात किंवा ओल्या कापडात १०० दाण्यांची नेहमीची चाचणी करताना शेवटचा आकडाच मोजू नका, रोजचा लिहा. बहुतेक दाणे दोन-तीन दिवसांत एकदम मोडले तर जोम चांगला. तेवढेच दाणे आठवडाभर रखडत मोडले तर तो लॉट माळाला देऊ नका. दोन, दुसरे १०० दाणे शेतातल्याच मातीत, पेरता त्याच खोलीवर, एखाद्या पसरट भांड्यात लावून बघा. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर बियाण्याचा दर वाढवा किंवा बियाणं बदला. आणि १०० दाण्यांवर फार विसंबू नका. १०० पैकी ८० उगवले तर खरा आकडा ७२ ते ८८ मध्ये कुठेही असू शकतो. ४०० दाणे घेतले, १०० च्या चार भागांत, तर ही चूक निम्म्यावर येते. प्रयोगशाळाही ४०० च घेतात.

तुम्ही राखलेल्या बियालाही ही चाचणी पेरणीआधी पुन्हा करा, काढणीनंतर केली होती त्यावर समाधान मानू नका. मधल्या महिन्यांत सोयाबीन भराभर उतरतं. साठवणीचा एक जुना ठोकताळा आहे: बियातला ओलावा एका टक्क्याने कमी केला की आयुष्य दुप्पट होतं, तापमान ५ अंशांनी कमी झालं की पुन्हा दुप्पट. उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेल्या पोत्यावर हेच गणित उलट चालतं. पोती फळीवर, भिंतीपासून दूर, थंड जागी ठेवा. उतरवताना आपटू नका, सालीलगतचा तो गर्भ आपटण्यानेच सर्वांत जास्त मरतो. मळणीयंत्राचा वेग बियाण्यापुरता कमी ठेवला असेल असं मी धरून चालते. ठेवला नसेल तर यंदा चाचणीत तडकलेल्या सालीचे दाणे वेगळे मोजा, म्हणजे किती नुकसान तिथे झालं ते कळेल.

आणि घरातल्या बोलण्यासाठी एक अगदी साधा बंदोबस्त. बियाणं विकत आणाल तेव्हा प्रत्येक लॉटमधलं मूठ-दोन मुठी बी, पिशवीवरची खूणचिठ्ठी आणि पावती एका कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात पिकाची काढणी होईपर्यंत ठेवा. कुठल्या पट्ट्यात कुठला लॉट पेरला ते त्याच दिवशी वहीत लिहा. पुन्हा उगवण फसली तर त्या डब्यातले १०० दाणे ओल्या गोणपाटात लावायचे. ते उगवले तर बियाण्याचा विषय तिथेच मिटला. नाही उगवले, तर तक्रार करायला तुमच्या हातात चिठ्ठी, पावती आणि नमुना तिन्ही असतील.